मांसात उगवलेलं हाड

माझ्या उजव्या दंडात, कोपराच्या जरा वर, एक जास्तीचं हाड आहे. जन्माला आले तेव्हा ते नव्हतं. दहावीच्या वर्षी, आमच्या सिडकोतल्या घरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते उगवलं. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतं. मग मी म्हणते, लाव हात. बोटाखाली ते कडक, कडेनं खडबडीत असं काहीतरी लागतं आणि हसणं जागच्या जागी थांबतं. काहीजण बोट लगेच पदराला नाहीतर विजारीला पुसतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पहिल्यांदा मला लागलं तेव्हा मीही ओढणीला बोट पुसलं होतं, आणि अंग तर माझंच होतं.

घरात माणसं मोजकी. पप्पा वाळूजला कंपनीत, आई शिवणकाम करायची, आणि घराची खरी मालकीण म्हणजे पप्पांची थोरली बहीण, आमची आत्या. पप्पांची आई ते रांगत असतानाच गेली, तेव्हापासून आत्यानंच त्यांना कडेवर वागवलं. पुढं तिचा नवरा वारला, पोटी काही नव्हतं, आणि पिशोरहून ती आमच्याकडं आली ती एक पत्र्याची पेटी, एक पाटा-वरवंटा आणि तेल कडवायची लोखंडी पळी घेऊन. पिशोरला तिच्या हाताचं नाव होतं. बाळंतिणीचं अंग चोळावं ते तिनं, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं ते तिनं, उसण भरलेला गडी सरळ उभा करावा तोही तिनंच. सिडकोत आल्यावर मला वाटलं, इथं कोण विचारतंय हिला. पण महिना झाला नाही तोवर सकाळी आत्याच्या भाकरीची थाप, शेजारचा कुकर आणि आमच्या दाराची कडी, असे तीन आवाज एकदमच यायला लागले. पलीकडच्या गल्लीतली नूरखाला नातवाला काखेत मारून यायची. "आपा, इसकी गर्दन अकड गई, जरा हात फिरा देव ना." आत्याला तिची बोली अर्धी कळायची आणि तिला आत्याची तेवढीही नाही. लेकराला मात्र दोघींची कळायची, ते झोपून जायचं.

आत्याचं तेल करडईचं. पळीत ओतून गॅसवर ठेवायचं, त्यात लसणाच्या पाकळ्या, ओवा, आंबेहळदीचा तुकडा टाकायचा आणि लसूण काळा पडला की पळी खाली घ्यायची. तो वास घराला कायमचा चिकटलेला होता. येसराच्या आमटीला, वह्यांना, पप्पांच्या युनिफॉर्मला, सगळ्याला. वर्गात पोरी मला "तेलीण" म्हणायच्या, मी त्यांना त्याहून वाईट काहीतरी म्हणायची. आजही कुठं लसूण करपला की माझा कोपर आपोआप अंगाशी ओढला जातो. मेंदूला कळायच्या आधी कोपराला कळतं.

आमच्या शाळेची सहल जायची ती वेरूळला नाहीतर दौलताबादला. त्या वर्षी दौलताबाद. किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेत शिरलो तेव्हा वाटाड्यानं नेहमीप्रमाणं मशाल विझवली, पोरींनी नेहमीप्रमाणं किंकाळ्या फोडल्या. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली झिजलेल्या पायऱ्या, आणि अंधार असा की डोळा उघडा आहे का मिटलेला ते बोट लावून बघावं लागावं. मी रांगेत शेवटची होते. माझा उजवा दंड मागून कुणीतरी धरला. गच्च नाही, आजारी माणूस आधाराला धरतं तसा. मी दचकून पुढं झेपावले आणि पायरीच्या कडेवर दंडावरच आपटले. मशाल पेटली तेव्हा माझ्या मागं भिंत होती. नुसती भिंत.

हे घरी सांगायला नको होतं, पण पंधरा वर्षांच्या पोरीच्या पोटात काय राहतं. दवाखान्यात फोटो काढला, हाड शाबूत निघालं. मांसाला मार बसलाय, झोळीत ठेवा, हलवू नका, आपोआप उतरेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर आत्यानं झोळी सोडली, घडी केली आणि पेटीत ठेवून दिली. "हात म्हंजी काय देव्हाऱ्यातला देव हाय का, न हलवता ठिवायला?" मग माझ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "कुनी धरला व्हता म्हनलीस?" मी सांगितलं. पळी गॅसवर चढली.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला मागच्या दारात पाट पडायचा. मी पाटावर, माझा हात आत्याच्या गुडघ्यावर. तिचा अंगठा कोपराच्या आतून निघायचा आणि वर सरकत जायचा, एकाच रेषेत, एकाच ठिकाणी थांबायचा. पहिल्यांदा जीव जायची पाळी यायची, मग हळूहळू सगळं अंग सैल पडायचं. चोळता चोळता ती पुटपुटायची, "निघ. ज्याचं तू हायेस त्याच्याकडं जा." ती दुखण्याशी बोलते आहे का आणखी कुणाशी, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणा.

आधी सूज उतरली. सगळे खूश. आई म्हणाली, "आत्याबाईंच्या हातापुढं डॉक्टर काय!" आणि मग त्या उतरलेल्या सुजेच्या तळाशी एक चिंचोका लागायला लागला. मांसात खोल, गरम, दाबलं तर जरा सरकणारा. आठवडा उलटला तेव्हा तो सरकेनासा झाला. मग लांबट झाला. एकदा आत्याच्या हातातून निसटून पळीचा दांडा माझ्या दंडावर आपटला आणि आतून टक असा दबका आवाज आला. मांसावर आपटलं की असा आवाज येत नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. स्वयंपाकघरात आईची भाजी चरचरत होती आणि दारात आम्ही दोघी कानोसा घेत बसलो होतो, आतून पुन्हा काही वाजतं का म्हणून.

"मुरलंय," आत्या शेवटी म्हणाली. "मुरलेलं चोळूनच काढावं लागतंय." आणि तिचा अंगठा आणखी जोरानं फिरायला लागला. ती जितकं चोळायची तितकं ते कडक व्हायचं, आणि ते जितकं कडक व्हायचं तितकी ती चोळायची. आळस तिच्या रक्तात नव्हता, तेच नडलं. लेकरावर माया करायची म्हणजे त्याचं अंग रगडायचं, ही आमच्या घरची रीत. न चोळणं म्हणजे टाकून देणं.

कोपर वाकायचा थांबला. आधी वेणी घालता येईना, मग हात कॉलरला पोचेना, मग एके दिवशी भाकरीचा घास उचलला आणि तो हनुवटीच्या अलीकडंच थांबला. मी मान पुढं घातली. तोंड आणि घास यांच्यामध्ये वीतभर जागा उरली, ती काही केल्या मिटेना. मी डाव्या हातानं जेवायला लागले, आत्या जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. दहावीचं वर्ष, लिहिता हात, आणि तो हात माझ्याच तोंडापासून दिवसेंदिवस लांब चाललेला. पप्पा कामावरून आले की आधी माझा हात बघायचे आणि मग चपला काढायचे. भीती मला सगळ्यात जास्त वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. संध्याकाळ व्हायला लागली, उजेड पिवळा पडला, की पळी गॅसवर चढायच्या आधीच ती गाठ गरम व्हायची. आत्याची वाट बघत असल्यासारखी. आणि मलाही अंगठा हवासा वाटायचा. कुणाला हवासा वाटायचा, मला का त्या गाठीला, हे मला सांगता आलं नसतं.

आता मी इथल्याच एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. शहराचं नाव बदललं, माझी जीभ अजून औरंगाबाद म्हणते आणि मग दुरुस्ती करते, ते असो. माझ्या पेशी म्हणजे मूळ पेशी, ज्यांना सगळे स्टेम सेल म्हणतात त्या. आपण पुढं कोण व्हायचं हे ज्यांचं ठरलेलं नसतं अशा. एकाच कुपीतल्या पेशी मी तीन बशांत ओतते. एकीत तळाला खरवसाइतकी मऊ जेली, दुसरीत जरा घट्ट, तिसरीत कडक. काही दिवसांनी मऊ तळावरच्या पेशी लांब फांद्या काढून मज्जातंतूसारख्या दिसायला लागतात, मधल्या स्नायूच्या वाटेला लागतात, आणि कडक तळावरच्या हाडाच्या. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत. त्या तळ पकडतात आणि ओढून बघतात. तळ लवला तर एक होतात, नाही लवला तर दुसरं. वरून ज्या रसात त्या पोहत असतात त्यातली रसायनंही त्यांच्या कानात काहीबाही सांगत असतात. आजूबाजूला जे असेल ते आत शिरतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, हे आमच्या आत्यानं मला लाख वेळा ऐकवलं होतं. तिला वाटायचं ती माझ्या मैत्रिणींबद्दल बोलते आहे.

तर माझ्या दंडात काय झालं असेल ते मी सांगू शकते. मांसात अशाच काही पेशी पडून असतात, वेळ आली तर डागडुजी करायला. मार बसला, रक्त साकळलं, जखमेची रसायनं पाझरली, त्या जाग्या झाल्या. गप्प पडू दिलं असतं तर त्यांनी मांस सांधून दिलं असतं. पण रोज दिवेलागणीला वरून अंगठा यायचा, सांधत आलेलं पुन्हा फाटायचं, पुन्हा रक्त, पुन्हा तीच रसायनं, आणि भोवतीचं सगळं दिवसेंदिवस घट्ट. त्या पेशींनी तळ ओढून बघितला. तळ लवला नाही. मग त्या हाड झाल्या. आणखी एक आहे, ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी येऊन नुसती बसून राहिले होते. कडक जागेवर फार दिवस राहिलेल्या पेशी नंतर मऊ जागेवर नेऊन ठेवल्या तरी कडकपणा लवकर विसरत नाहीत.

पण तेव्हा हे कुणाला माहीत. पप्पांनी मला एका हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नवा फोटो काढला, उजेडावर धरला आणि फोटोकडं बघतच विचारलं, "मालिश कोण करतं?" आईनं पप्पांकडं पाहिलं. पप्पांनी स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. "आजपासून या हाताला कुणीही हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "तेल नाही, शेक नाही, ओढाताण नाही. हे चोळून जात नाही, चोळून वाढतं." आईनं विचारलं, कापून काढता येईल का. "आत्ता नाही. कच्चं आहे. कच्चं काढलं तर पुन्हा येतं, जास्त येतं. पिकू द्या. पिकलं की कधी कधी आपणहून आटतं." पिकू द्या हा शब्द ऐकून आईनं तोंडाला पदर लावला.

स्कूटरवरून घरी निघालो. आत्याला सांगायचं कुणी, हा एकच प्रश्न तिघांच्या मध्ये बसलेला होता. पप्पा तिच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नव्हते, तिचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. आणि सांगितलं नाही तर उद्या दिवेलागणीला पाट पडणार होता आणि माझा हात आहे तिथंच कायमचा राहणार होता.

उद्या कसला, घरी पोचलो तेव्हा पाट पडलेलाच होता. पळीत लसूण तडतडत होता. "ये गं, बैस," आत्या म्हणाली. मी उभीच राहिले. पप्पांनी पाकिटातून फोटो काढला आणि मागच्या खिडकीच्या काचेवर तळहातानं दाबून धरला. उतरतं ऊन त्यातून आत आलं. काळ्यावर माझ्या दंडाचं हाड पांढरं दिसत होतं, आणि त्याच्या पुढं, कशालाच न टेकलेला, एक लांबट पांढरा ढग.

"ह्ये काय हाय?" आत्यानं विचारलं.

"मंजीचा दंड, अक्का."

"आन् ह्ये?"

"हाडच हाय. नवं."

"कुठनं आलं?"

पप्पांनी फोटो काचेवर आणखी दाबला. "डॉक्टर म्हणले, चोळल्यानं वाढतं."

"डाक्टर म्हनला. तू काय म्हनतूस?"

लसूण जळायला लागला होता. आईनं गॅस बंद केला नाही, ती जागची हललीच नाही. पप्पा म्हणाले, "बास कर, अक्का."

आत्या उठली. खिडकीशी गेली, आणि तिनं फोटोवर अंगठा ठेवला, त्या पांढऱ्या ढगाच्या खालच्या टोकाशी. मग रोज माझ्या दंडावर न्यायची तसा वर नेला. जिथं तिचा अंगठा थांबला तिथंच ते पांढरं संपत होतं. तिनं पुन्हा खालून सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबली. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, योगायोग, मार बसला त्या जागी ते उगवणारच. मीही आज विद्यार्थ्यांना हेच सांगेन. पण त्या खिडकीत मी उभी होते, आणि मला दिसत होतं की ते हाड तिच्या अंगठ्याच्या मापाचं आहे. तिलाही दिसलं. ती मोरीत गेली आणि राखेनं हात घासत बसली, मसणवट्यातून आल्यावर घासतात तसे.

त्यानंतर आत्यानं कुणालाही हात लावला नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. नूरखाला नातवाला घेऊन आली तर दारातूनच म्हणाली, "हात गेला माजा, बाई." नूरखालाला वाटलं मोडलाबिडला, ती बिचारी हळद घेऊन आली. माझी वेणी आत्या घालायची, ती आई घालायला लागली. आत्या ताट माझ्या हातात देईना, जमिनीवर ठेवून पुढं सरकवायची. दोन्ही हात पदरात गुंडाळून ती मागच्या दारात बसायची आणि घरात पहिल्यांदाच तेलाचा वास विरत गेला. मला वाटलं होतं बरं वाटेल. घर मोकळं मोकळं झालं, कुणी गेल्यावर होतं तसं. आणि त्या सुन्न घरात, माझ्या दंडात, ते पिकत होतं. ऊब गेली, ते गार पडलं. आंघोळीला बसले की पाण्याखाली माझं बोट त्याच्यावर जायचं आणि वाटायचं, मी कुणाच्या तरी अंगाला हात लावला.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं. परीक्षा मी अर्धवट वाकलेल्या हातानं, बाकाच्या फळीवर तिरकी होऊन दिली. पावसाळा संपता संपता पहिल्यांदा हात कॉलरला पोचला. पुढच्या फोटोत ढग आखडला होता, कडा रेखीव झाल्या होत्या. आणि एका दुपारी येसराच्या आमटीत चुरलेल्या भाकरीचा घास उजव्या हातानं थेट तोंडात गेला. आई रडली. आत्या दारातून बघत होती. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं नाही, पण जवळही आली नाही. मला तिचा तेव्हा फार राग आला. वाटलं, ये ना आता, डोक्यावरून हात फिरव की. आली नाही.

पप्पा गेले, आई तिच्या भावाकडं पुण्याला असते, आत्या माझ्याजवळ. ऐंशीच्या पुढं गेली आहे. मी काय काम करते हे तिनं कधी विचारलं नाही आणि मी, सगळ्या दुनियेला सांगत सुटणारी, तिला कधी सांगितलं नाही. हल्लीच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तपासणीहून परतताना मला प्रयोगशाळेत जरा थांबायचं होतं, पेशींचा रस बदलायचा होता. बाहेर रिक्षात एकटी कशी ठेवू, म्हणून आत आणलं, स्टुलावर बसवलं. चपला तिनं दाराबाहेर काढल्या, देवळासारख्या. समोर सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर मी आदल्या दिवशी रंग दिलेली बशी होती. पेशी हाड व्हायला लागल्या की चुना साठवतात आणि त्या रंगानं चुना लाल होतो. सगळा पडदा लालभडक होता.

"ह्ये काय गं?"

"पेशी आहेत, आत्या. हाड होत चाललेल्या."

"कुनाचं हाड?"

"कुणाचंच नाही."

ती नव्या डोळ्यानं बघत राहिली. यंत्राची बारीक घरघर चालली होती. मला वाटलं ती उठेल, चल म्हणेल.

"ह्यायला कुनी चोळलं?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही, आत्या. कडक जागेवर ठेवलं, एवढंच."

हे अर्धं खरं होतं. वरून जो रस मी घालत होते त्यात हाड करणारी औषधं होती, ती मीच मोजून घातली होती, त्यांच्याशिवाय एवढं लाल काही झालं नसतं. तो अर्धा भाग मी गिळला. उभ्या आयुष्यात मी कुणाला चुकीचं विज्ञान शिकवलं नाही, पण त्या दिवशी शिकवलं, आणि पुन्हा शिकवीन.

"कुनीच नाय," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "कुनीच नाय चोळलं." डोळ्याला पाणी लावू नका, हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून आलेलं पाणी तिनं तसंच वाहू दिलं. आणि पदरातून तिचा हात बाहेर आला. तिनं माझा कोपर धरला, आपल्या गुडघ्यावर घेतला. जागा शोधावी लागली नाही. अंगठा कोपराच्या आतून निघाला आणि वर सरकला, थांबला, पुन्हा खाली आला. तेल नव्हतं, कातडी कोरडी ओढली जात होती. त्या अंगठ्यानं काय होतं ते माझ्याइतकं या शहरात कुणाला ठाऊक नसेल.

"दुखतंय का गं?"

"नाही," मी म्हणाले. दंडातली जागा हळूहळू गरम व्हायला लागली होती, आणि मी हात काढून घेतला नाही.